इंजिनेर आणि बाईसाहेबांची पोरं

"हे पीस बघ," मी म्हणालो आणि जेटचा उजवा पंख पत्त्यांच्या पानांसारखा उलगडून धरला. "बापाचं हाय. डोळा बघ, बापाचा. चोचीवरची ही पांढरी गाठ बघ."

"ती सगळ्याच कबुतरांना असती, दाजी," चनबसू म्हणाला.

चनबसू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या माडीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत तो उकिडवा बसला होता आणि त्याच्या मांडीवर बिजली डोळे मिटून डुलक्या घेत होती. जेट आणि बिजली सख्खी भावंडं, एकाच वेळच्या दोन अंड्यांतून निघालेली. बाप निळा नर, तो माझा. त्याचं नाव इंजिनेर. आई तांबूस मादी, ती चनबसूची; तिचं नाव बाईसाहेब. ही जोडी आम्ही लावलेली नव्हती. बाईसाहेब एका सकाळी तीन गल्ल्या ओलांडून माझ्या माडीवर आली, ती परत गेलीच नाही. नेऊन कोंडली की ती दाणा सोडायची आणि इकडं इंजिनेर भिंतीकडं तोंड करून बसायचा. अशी जोडी तोडता येत नाही. म्हणजे दोन्ही पाखरं एकाकडंच राहणार. कुणाकडं?

मिरजेत त्या काळी असले प्रश्न मकबूल उस्तादांकडं जात. उस्ताद सत्तरीचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून वाजवून त्यांचे गाल कबुतराच्या गळ्यासारखे झाले होते. त्यांनी निवाडा दिला होता, "पहिल्या विणीतलं एकेक पिल्लू घ्या. सहा महिने पाळा. मग सांगोल्याहून दोन्ही सोडू. ज्याचं पिल्लू आधी घरी येईल, जोडी त्याची."

ते सहा महिने आम्ही दोघांनी त्या पिलांची जेवढी तुलना केली, तेवढी मुली बघायला जाणाऱ्यांनीही कधी केली नसेल. मी हिंगमिरे; माझं सायकलचं दुकान, त्यामुळं मोजमापाला तोटा नव्हता. तराजूच्या एका पारड्यात पिल्लू, दुसऱ्यात सायकलचे छर्रे. आठव्या दिवशी जेट तीनशे बारा छर्रे भरला, बिजली तीनशे नव्वद. त्याच दिवशी दोघांच्या पायात व्हॉल्व्हट्यूबच्या कड्या घातल्या, त्याला लाल आणि तिला पिवळी. पंख स्पोकनं मोजला. कोण किती वेळा पापणी लववतं तेसुद्धा मोजलं. त्यात बिजली पुढं होती, पण ती झोपत होती की पापणी लववत होती, यावर आमचं आठ दिवस भांडण झालं.

मग सराव. आमच्याकडं तेव्हा अरुंद रुळांची छोटी गाडी होती. तिचा सॅमसन नावाचा गार्ड आमच्या ओळखीचा. तो पेटाऱ्या घेऊन जायचा आणि पुढच्या स्टेशनात झाकण उघडायचा. पहिल्या वेळी आरगेला सोडली. जेट चौदा मिनिटांत माडीवर! मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली तसा तो सरळ जाळीतून आत. माझ्या शिट्टीला त्या भागात तोड नव्हती. बिजली आली दोन तासांनी. चनबसू म्हणाला, वाऱ्यानं अडवली असेल. तिसऱ्या सरावानंतर सॅमसन गार्ड स्वतः त्याच्याकडं आला.

"चनबसू, तुझी कबुतरी माझ्या डब्याच्या टपावर बसून येतीया," तो म्हणाला. "सलगऱ्याला गाडी थांबली की उतरून शेंगा खाती आणि शिट्टी झाली की परत चढती. आजवर एकदाबी गाडी चुकली न्हाई. तिकीट फाडू का?"

मी हसून हसून आडवा झालो. उस्तादांकडं तक्रार नेली. ते दाढी खाजवत म्हणाले, "कानून काय हाय, मियाँ? घरी यायचं. ढाबळीत शिरायचं. पायातली कडी माझ्या हातात यायची. उडत यायचं की बसून, ते कुणी ठरवलं?"

मला काय? छोट्या गाडीला सांगोल्याहून यायला सहा तास लागत. जेटला दीड.

तर शर्यतीच्या चार दिवस आधीची ती दुपार. शर्यतीआधी चार दिवस पाखरं कोंडून ठेवायची, म्हणजे पंखांत जोर साठतो, ही आमची रीत. कोंडण्याआधी शेवटची तुलना चालली होती.

"रक्त आईचंच, दाजी," चनबसू म्हणाला. "बिजलीची अक्कल बघा. जी गाडी वळखती, ती काय साधी हाय?"

"अरे, मादी म्हणजे नुसती ट्रंक!" मी म्हणालो. "सामान ठेवायचं, सांभाळायचं, वेळ आली की काढून द्यायचं. सामान कुणाचं? बापाचं!"

ढाबळीच्या दारात काहीतरी खुळखुळलं. गौरा उभी होती. माझी बायको, चनबसूची आक्का. सातवा महिना सरत आला होता तिचा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात दाण्याचा डालड्याचा डबा. चनबसूनं बिजलीचं तोंड हातानं झाकलं, जणू तिनं ऐकू नये.

गौरा डबा काखेत मारून खाली गेली. थोड्या वेळानं मी खाली आलो तर ती चप्पल घालत होती.

"कुठं चाललीस?"

"माहेरी."

"अजून दोन महिने हाईत की!"

"ट्रंकेला काय," ती म्हणाली, "कुठंबी ठेवली तरी चालती."

"गौरा, मी कबुतरीचं बोलत होतो."

"व्हय. आणि हे बाळ काय अंड्यातनं यायचं हाय म्हणून कबुतरीचं बोललासा?" ती पायरी उतरली. "माझ्या पोटात तुमचं सामान हाय न्हवं? मग ते सामान झालं की येऊन घेऊन जावा. ट्रंक न्हाई यायची."

माहेर तीन गल्ल्यांवर. चनबसू बिजलीला शर्टात घालून तिच्या मागं मागं गेला. डबाही गेला, पण त्या वेळी डब्याकडं लक्ष देणारा माणूस मी नव्हतो.

चार दिवस मी भाकरीऐवजी पाव खाल्ला. रोज त्यांच्या दारावरून दोनदा सायकल नेली. तिसऱ्या दिवशी चनबसू बाहेर आला. म्हणाला, "आक्का म्हणती, टायरात हवा कमी हाय, भरून घ्या." एवढाच निरोप. मी मनाशी ठरवलं, जेट जिंकू दे. जोडी घरात आली, बापाच्या रक्ताचं सिद्ध झालं, की मग मोठ्या मनानं तिला आणायला जायचं. जिंकलेल्या माणसाला माफी मागायला सोपं जातं, असा माझा हिशेब होता.

शर्यतीच्या सकाळी उस्ताद माझ्या माडीवर लग्नातल्या व्याह्याच्या थाटात मांडी घालून बसले. समोर गजराचं घड्याळ. सॅमसन आदल्या दिवशीच पेटाऱ्या घेऊन सांगोल्याला गेला होता. आठ वाजता झाकणं उघडणार, नऊच्या गाडीनं तो निघणार. चनबसू त्याच्या घरून शांतपणे येऊन बसला.

"गाडी वेळेवर हाय," तो म्हणाला. "स्टेशनात इचारून आलो."

नऊ पस्तीसला पूर्वेकडं एक ठिपका दिसला. ठिपक्याचं निळं झालं, निळ्याचा जेट झाला. मी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की खालच्या पिठाच्या गिरणीत दळण थांबलं. जेट आला. माडीवर एक गोल घेतला. दुसरा घेतला. आणि चिंचेच्या झाडावरून सरळ पलीकडं जाऊन चनबसूच्या पाण्याच्या टाकीवर बसला.

चनबसू हळूच म्हणाला, "थकला असंल."

दहा वाजले. साडेदहा. जेट टाकीवर पिसं साफ करत होता. मी शिट्ट्या मारल्या. ओठ सुजले. इंजिनेरला बाहेर काढून हातावर नाचवलं, बापाला बघून येईल म्हणून. इंजिनेरनं माझ्या मनगटावर घाण केली. बाईसाहेबांना दाखवलं. शेंगदाणे उधळले, ते गल्लीतल्या कोंबड्यांनी खाल्ले. उस्ताद घड्याळाला चावी देत म्हणाले, "आला, पण आला नाही. कडी हातात नाही तोवर आला नाही."

दीडच्या सुमाराला चनबसूच्या गच्चीवर गौरा आली. हिरवी इरकल साडी, डोक्यावर पदर. तिनं काहीतरी केलं आणि जेट टाकीवरून उतरून तिच्या पायाशी गेला. मी डोळे ताणून बघत होतो.

"साडी!" मी ओरडलो. "साडी वळखतोय तो! रोज हिरवी इरकल बघायची सवय!"

गौराची दुसरी हिरवी इरकल खाली दांडीवर वाळत होती. आता वाचणारा म्हणेल, हिंगमिरे फेकतोय. फेकत नाही. दोन वाजता, लख्ख उन्हात, मिशांसकट, मी ती साडी नेसून माडीवर उभा राहिलो. डोक्यावर पदर घेतला. खालची गिरणी दुसऱ्यांदा थांबली. शेजारच्या माडीवर सांडगे घालणारी तंगेव्वा म्हातारी बराच वेळ निरखून म्हणाली, "हिंगमिरे, निऱ्या उलट्या बाजूला खोचल्यात."

जेटनं माझ्याकडं बघितलं. मान तिरकी करून एकदा ह्या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं. मग पाठ फिरवली.

"गाडीनं आता सलगरं सोडलं असंल," चनबसू म्हणाला.

उस्ताद उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, पदर जरा सारखा केला आणि म्हणाले, "देखो हिंगमिरे, चाळीस साल मैं कबुतरं बघतोय. पाखरू साडी बघत नाही, मिशी बघत नाही. तू खुळा हाईस, ते एवढं बघतंय. जा, त्या पोरीला घेऊन ये."

"आधी जिंकतो, मग जातो की उस्ताद."

"ती आल्याशिवाय तू जिंकत नाहीस, अहमक!"

मी निघालो. घाईत साडी सोडायचं राहिलं. तीन गल्ल्या इरकलीत गेलो. निऱ्या धरून पळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बायका कसं करतात, देव जाणे.

गौरा दारातच पाटावर बसली होती. डबा मांडीशी. मला बघून तिनं पदर तोंडात कोंबला, पण डोळ्यांतलं हसू लपेना. मग ते हसूही तिनं गिळलं.

"ट्रंक उचलायला आलासा?"

"गौरा, जेट तुमच्या टाकीवर बसलाय."

"मग त्येला इचारा. मी काय बांधून ठेवलाय?"

"तू चल. तू आलीस तर तो येतोय."

"जोडी पायजे तुम्हाला." ती आत बघत म्हणाली. "चार दिवस सायकल फिरवली. एक दिवस उतरला असता तर पाय मोडला असता का?"

मी उन्हात उभा राहिलो. निऱ्या सुटत होत्या, त्या धरल्या. शेवटी म्हणालो, "जोडी जाऊ दे चनबसूकडं. जेटबी जाऊ दे. तू चल."

तिनं मान वर केली. "त्या दिवशी वर म्हणालासा, आता खाली म्हणा. सगळ्यास्नी ऐकू जाईल असं."

गल्लीत एव्हाना पंचवीसतीस माणसं गोळा झाली होती. साडी नेसलेला सायकलवाला रोज बघायला मिळत नाही. मी घसा खाकरला आणि ओरडलो, "मादी ट्रंक न्हाई! ट्रंक मी हाय! रिकामी!"

"बास," गौरा म्हणाली. "लई मोठ्यानं म्हणालासा." तिनं भिंतीला धरून उठायला सुरुवात केली. मी हात दिला, तो घेतला. दुसऱ्या हातात डबा.

आम्ही निघालो. सातव्या महिन्याची चाल. एक पाऊल, खुळ्ळ. दुसरं पाऊल, खुळ्ळ. डब्यातला मका पावलापावलाला वाजत होता. मी वर बघितलं. जेट टाकीवरून उतरून पुढच्या कौलांवर आला होता. आम्ही चाललो की तो पुढच्या घरावर, थांबलो की तोही थांबला. मारुतीच्या देवळापाशी गौरा दम खायला कट्ट्यावर बसली, तर तो कळसावर बसला. एका घरानं पाणी दिलं. तिथं तिनं कुणाच्यातरी सुनेची चौकशी केली. मी पदरानं घाम पुसला.

"गौरा," मी विचारलं, "हा डबा तू रोज कधी वाजवायचीस?"

"तुम्ही शिट्टी मारायचा तवा."

"शिट्टीबरोबर?"

"शिट्टी संपल्यावर," ती म्हणाली. "तुमची हौस झाली की. न्हाईतर पाखरं आत कशी यायची? इथं सकाळी वाजवायची आणि माहेरी संध्याकाळी. चनबसूची बायको कबुतराला शिवत न्हाई."

सहा महिने मी छर्रे मोजत होतो. दाणे कोण टाकतंय, ते एकदाही मोजलं नव्हतं. आणि चार दिवस पाखरं कोंडलेली, म्हणून डबा गेल्याचं कळायलाही मार्ग नव्हता.

तेवढ्यात स्टेशनाकडून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली.

पेठेच्या कोपऱ्यावर रस्ता फुटतो. डावीकडं चनबसूची गल्ली, उजवीकडं माझी. आम्ही कोपऱ्यावर पोचलो आणि समोरून वरात आली. मध्ये बिजली, चालत. मान पुढंमागं करत, एकेक पाऊल मापून. तिच्या मागं सॅमसन गार्ड हिरवा बावटा धरून टांगे थांबवत होता. बिजलीच्या पुढं चनबसू पाठमोरा चालत, वाकून हातवारे करत होता. "ये बाई. डावीकडं. डावीकडं ये, माझी आई."

बिजली कोपऱ्यावर थांबली. गौरानं उजवीकडं एक पाऊल टाकलं. खुळ्ळ.

बिजली उजवीकडं वळली.

"आक्का!" चनबसू किंचाळला. "डबा वाजवू नगंस!"

"मी कुठं वाजवतीया? चाललं की वाजतो."

"मग चालू नगंस!"

गौरा म्हणाली, "दोन महिन्यांनी मामा व्हायचास तू. उन्हात उभी करतोस मला?"

चनबसूनं वाट सोडली. मग आम्ही सगळेच निघालो. पुढं गौरा, तिच्या मागं चालत बिजली, बिजलीच्या मागं बावटा, बावट्याच्या मागं पेठ, आणि वर कौलाकौलांवरून जेट. मी साडीत. तंगेव्वानं वरूनच दृष्ट काढली; कुणाची ते विचारलं नाही.

माझ्या माडीला एकोणीस पायऱ्या. गौरा एकेक पायरी चढली, बिजली एकेक पायरी उडी मारत चढली. ढाबळीत शिरून गौरानं डबा खाली ठेवला आणि मूठभर मका पसरला. जेट जाळीतून आत आला, बिजली दारातून. दोघांनी एकाच वेळी चोच मारली. उस्तादांचा गजर वाजला. तो कशासाठी लावला होता, ते त्यांनाही आठवेना.

उस्तादांनी दोन्ही कड्या काढल्या. लाल आणि पिवळी. तळहातावर ठेवून बघत राहिले.

"जेट आपल्या घरी आलाय," मी म्हणालो. सवय जात नाही. "बिजली परक्या घरी आली. म्हणजे, कायद्यानं..."

"तू गप बस आणि आधी साडी सोड," उस्ताद म्हणाले. "पाखरू घरी आलं पाहिजे, असं मी बोललो होतो. सगळ्या मिरजेनं बघितलं पाखरांचं घर कुठं हाय ते. ते चालत चालत वर आलं." त्यांनी दोन्ही कड्या गौराच्या हातावर ठेवल्या. "जोडी तुझी, बेटी. पोरंबी तुझी. हे दोघं रक्त बघत बसू देत."

गौरा खांबाला टेकून बसली. बाईसाहेब तिच्या मांडीवर येऊन बसल्या आणि इंजिनेर पायाशी. तिनं माझ्याकडं बघितलं. "चूल विझली असंल न्हवं चार दिवस?"

"पाव हाय," मी म्हणालो.

नवव्या महिन्यात ती रीतीप्रमाणं माहेरी गेली, आणि तीन महिन्यांनी रीतीप्रमाणं परत आली. हातात एक नाही, दोन. आधी मुलगा झाला, झटक्यात. मुलगी तब्बल दोन तासांनी, सगळी स्टेशनं घेत. चनबसू पाळण्यावर वाकून म्हणाला, "दाजी, ह्याचं नाक..." मी त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं.

याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. छोटी गाडी गेली, तिथं मोठे रूळ आले. मुलगा कॅनडात असतो. वर्षा-दोन वर्षांनी विमानानं येतो. मुलगी सोलापूरला, महिन्याला येते, खिडकीत बसून, शेंगा खात. कुणात काय कुणाचं, ते मोजायचं मी सोडलंय. दोघंही दारात पाय ठेवतात, माझ्याकडं बघतात आणि तेच विचारतात, "आई कुठाय?"

मी बोट वर करतो. पण तोवर डब्याचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो.